मनोरुग्ण व पोलिसी बळाचा वापर

मानसिक आजाराच्या तीव्र अवस्थेत असलेली व्यक्ती स्वतःला वा इतरांना इजा करील, अथवा ती स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ आहे, असे दिसून आल्यावर तिला आवरण्यासाठी, संरक्षणाखाली घेण्यासाठी व रुग्णालयात पोहोचविण्यासाठी पोलिसांनी योजिलेले शारीरिक बळ. हात धरणे, जमिनीवर दाबून ठेवणे, दोरी वा बेडी घालणे, लाठी चालविणे आणि अखेरीस शस्त्राचा वापर करणे या त्याच्या चढत्या पायऱ्या होत. आरोपीला पकडताना वापरल्या जाणाऱ्या बळाहून हे बळ तत्त्वतः भिन्न आहे. आरोपीच्या बाबतीत त्याला न्यायासनापुढे उभे करणे हा हेतू असतो. मनोरुग्णाच्या बाबतीत त्याला उपचार मिळवून देणे हा एकच हेतू कायद्याला मान्य आहे. त्यामुळे या बळाचे समर्थन रुग्णालयाच्या दारापर्यंतच टिकते, आणि प्रत्यक्षात ते किती व किती वेळ वापरले जाईल, हे पुष्कळदा रुग्णाच्या क्षोभापेक्षा त्या दाराच्या अंतरावरून ठरते.

प्रस्तुत विवेचन मुख्यतः अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात केले आहे. २०२४ पर्यंत अहमदनगर या नावाने ओळखला जाणारा व बोलीत आजही ‘नगर’ म्हणूनच उल्लेखिला जाणारा हा जिल्हा क्षेत्रफळाने (१७,०४८ चौ. किमी.) महाराष्ट्रात सर्वांत मोठा आहे. त्याचे तालुके चौदा असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ४५,४३,१५९ होती. अकोले तालुक्यातील राजूरसारख्या सह्याद्रीच्या कुशीतील पोलीस ठाण्यापासून जिल्ह्याचे मुख्य ठिकाण शंभर किलोमीटरांहून अधिक दूर आहे. तेथून पुढे पुण्यातील येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय आणखी सु. १२० किमी. अंतरावर आहे. या प्रश्नाचा विचार करताना ही अंतरे सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागतात.

प्रसंगाचे स्वरूप : पोलिसांना पाचारण करण्याचे प्रसंग सामान्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला घरातला. अनेक दिवस झोप न घेतलेला, जेवणात कोणी विष कालविते अशी पक्की समजूत झालेला मुलगा वा भाऊ कोयता घेऊन उभा राहतो, दार आतून लावून घेतो, किंवा विहिरीकडे धाव घेतो. घरच्यांनी तोवर बरेच सोसलेले असते. देवदेवस्की, अंगारे, क्वचित खाजगी दवाखाना असे सर्व करून झालेले असते, आणि ११२ क्रमांकावर दूरध्वनी केला जातो तो शेवटचा उपाय म्हणून. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५–१६) निरनिराळ्या मानसिक विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे आढळले होते. पोलीस दारात येतात तेव्हा तो पुष्कळांचा सरकारी यंत्रणेशी आलेला पहिला संबंध असतो.

दुसरा प्रसंग रस्त्यावरचा. बसस्थानक, रेल्वे फलाट, बाजारपेठ व तीर्थक्षेत्रे येथे अंगावर पुरेसे वस्त्र नसलेल्या, जटा वाढलेल्या, कचराकुंडीतले अन्न खाणाऱ्या व्यक्ती आढळतात. असाध्य वाटलेल्या रुग्णाला दूरच्या देवस्थानी सोडून येण्याचा प्रघात भारतात जुना आहे. शिर्डीसारख्या, देशभरातून माणसे येणाऱ्या ठिकाणी अशा व्यक्तीची भाषाही कित्येकदा स्थानिक पोलिसांना परकी असते. हुकूम न समजलेला माणूस हुकूम मोडणारा ठरतो, ही अशा प्रसंगांतील एक नेहमीची चूक होय.

खेड्यात पोलीस दलाच्या आधी पोलीस पाटील पोहोचतो. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने नेमलेला हा अधिकारी गणवेशधारी नसतो, त्याच्याजवळ लाठी नसते. पण रुग्ण कोणाचा, केव्हापासून असा वागतो, त्याचा विश्वास कोणावर आहे, हे त्याला ठाऊक असते. पुष्कळदा प्रसंग शमविण्यास एवढी माहिती पुरते. याउलट तोवर जमलेला जमाव तो चिघळवितो. ओरडणारी, दगड उचलणारी, भ्रमणध्वनीवर चित्रण करणारी माणसे भोवती असताना मुळातच भेदरलेल्या रुग्णाला पोलिसांचे येणे हा हल्लाच वाटतो. म्हणून रुग्णाला हात लावण्यापूर्वी गर्दी हटविणे, वाहनाचा भोंगा बंद करणे, एकाच व्यक्तीने हळू आवाजात बोलणे, त्याला कोपऱ्यात न कोंडणे व भरपूर वेळ देणे, या गोष्टींना प्रशिक्षणात प्रथम स्थान दिले जाते. रुग्णाला ऐकू येणारे आवाज खोटे आहेत असा वाद घालू नये. ते आपल्यालाही ऐकू येतात असेही सांगू नये. ‘तुम्हांला भीती वाटते आहे, हे दिसते, आपण दवाखान्यात जाऊ’ अशा तऱ्हेचे खरे व साधे बोलणे अधिक उपयोगी पडते. रुग्णाला फसवून गाडीत बसविले, तर पुढच्या खेपेला त्याहून अधिक बळ वापरावे लागते, असा सेवाकार्यातील कार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

वेडासारखे दिसणारे शारीरिक आजार : पोलीस ठाण्यात ‘वेडसर’ म्हणून नोंदली गेलेली व्यक्ती मनोरुग्णच असेल असे नाही. मेंदूच्या कार्यात अचानक बिघाड होऊन उद्भवणाऱ्या मुग्धभ्रांतीत माणूस बरळतो, नसलेल्या वस्तू पाहतो, अंगावर धावून येतो. नेहमी भरपूर मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी सोडले, तर साधारणपणे दोन ते चार दिवसांनी अशी अवस्था येऊ शकते. तीत कंप, ज्वर व झटके येतात आणि वेळेवर उपचार न झाल्यास मृत्यूही ओढवतो. दारूच्या नशेत पकडलेला इसम कोठडीत तिसऱ्या दिवशी ‘वेडा’ झाला, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते. मधुमेही रुग्णाच्या रक्तातील साखर एकदम उतरली, तर तो दारुड्यासारखा झोकांड्या खातो व हातघाईवर येतो. शेतीप्रधान जिल्ह्यात आणखी दोन कारणे ध्यानात ठेवावी लागतात : धोत्र्याच्या बियांची विषबाधा, आणि सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेवर दिलेल्या ॲट्रोपिनाचा अतिरेक. दोहोंत तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात व रुग्ण हवेत काही तरी पकडू लागतो. मेंदूज्वर, डोक्याला झालेली इजा व अपस्माराच्या झटक्यानंतरची गोंधळलेली अवस्था यांचाही या यादीत समावेश करावा लागेल. यांपैकी कोणत्याही स्थितीत लाठी निरुपयोगी आणि विलंब घातक असतो. अशा व्यक्तीला कोठडीऐवजी रुग्णालयात नेण्याचा आग्रह धरण्याचे वैद्यकीय कारण हेच आहे.

कायद्याची वाटचाल : रस्त्यावर भटकणाऱ्या ‘वेड्यां’ना पकडून दंडाधिकाऱ्यापुढे आणण्याचे काम ब्रिटिश हिंदुस्थानात १८५८ च्या ३६ व्या अधिनियमाने पोलिसांकडे आले. पुढे १९१२ च्या भारतीय वेडेपणा अधिनियमाने तीच व्यवस्था विस्तृत केली. दोन्ही कायद्यांची भाषा पकडण्याची, म्हणजे अटकेची होती, आणि दंडाधिकाऱ्याचा हुकूम झाल्यावर रुग्णाची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात होई. मुंबई इलाख्याच्या मराठी मुलखात ठाणे (१९०१) व येरवडा (१९१५) येथील रुग्णालये यासाठी प्रसिद्ध होती. येरवड्यात तुरुंगही असल्याने पुणे-नगरकडच्या बोलीत ‘येरवड्याला धाडणे’ या शब्दप्रयोगाला दोन्ही अर्थ चिकटले. वेडा आणि कैदी यांच्यातील सीमारेषा लोकव्यवहारात किती पुसट होती, याची ही भाषिक खूणच म्हणावी लागेल.

१९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाने (सांप्रत महाराष्ट्र पोलीस अधिनियम) थोडी निराळी भूमिका घेतली. त्याच्या ६६ व्या कलमात पोलीस अधिकाऱ्याची जनतेविषयीची कर्तव्ये सांगितली आहेत. रस्त्यावरील अपंग व असहाय व्यक्तींना साहाय्य करणे, तसेच धोकादायक वा स्वतःची काळजी घेण्यास असमर्थ दिसणाऱ्या वेडसर व्यक्तींना ताब्यात घेणे ही दोन्ही कर्तव्ये तेथे एकाच खंडात येतात. मनोरुग्णाला आवरणे हे साहाय्याचेच एक अंग आहे, ही कल्पना राज्याच्या पोलीस कायद्यात अशा रीतीने पूर्वीपासूनच होती. ती फारशी कोणाच्या लक्षात राहिली नाही, ही गोष्ट वेगळी.

१९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने (अंमल १ एप्रिल १९९३ पासून) ‘अटक’ हा शब्द वगळून ‘संरक्षणात घेणे’ हा शब्दप्रयोग आणला. संबंधित व्यक्तीला त्याची कारणे सांगणे व तिला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे बंधनकारक झाले. याच सुमारास मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी कैद्यांच्या हक्कांसाठी चालविलेल्या न्यायालयीन लढ्यातून एक महत्त्वाचा निर्णय बाहेर आला. पश्चिम बंगालमध्ये कोणताही गुन्हा नसलेले मनोरुग्ण तुरुंगात ठेवले जात. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ही पद्धत बेकायदेशीर व घटनाबाह्य ठरविली.

सध्याचा कायदा म्हणजे मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७. तो २०१८ मध्ये अंमलात आला. त्याचे १०० वे कलम संपूर्णपणे पोलिसांच्या कर्तव्यांविषयी आहे. ठाण्याच्या हद्दीत भटकणारी व मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारी, किंवा त्या आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका उत्पन्न करणारी व्यक्ती आढळल्यास तिला संरक्षणाखाली घेणे हे प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. तिला अथवा तिच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला कारणे सांगावी लागतात. शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत, तिला सर्वांत जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. दंडाधिकाऱ्याची जागा येथे वैद्यकीय अधिकाऱ्याने घेतली आहे. अशा व्यक्तीला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवण्यास निरपवाद मनाई आहे. घरात रुग्णाचा छळ होत असल्यास वा त्याची आबाळ होत असल्यास ठाणे अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्याला कळवावयाचे असते (कलम १०१). अधिनियमाचा भंग केल्यास पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरण्याची तरतूदही याच कायद्याने केली (कलम ११५). १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचा जुना सर्वसाधारण गुन्हा उरला नाही. लोकसेवकाला कर्तव्यापासून परावृत्त करण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा दंडनीय राहिला आहे. छतावर चढलेल्या माणसाकडे पाहण्याची पोलिसांची दृष्टी यामुळे बदलावयास हवी.

बळाविषयी कायद्याचे मौन : एवढे असूनही संरक्षणाखाली घेताना किती बळ वापरावे, याबद्दल १०० वे कलम एक शब्दही बोलत नाही. रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी (कलम ९५) आणि शारीरिक निर्बंधाविषयीचे कडक नियम (कलम ९७) अधिनियमात आहेत. शारीरिक निर्बंध तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ञाच्या अनुमतीने व आवश्यक तितकाच वेळ घालता येतो. परंतु हे नियम उपचारसंस्थांना उद्देशून लिहिलेले आहेत. म्हणजे रुग्णालयाच्या खोलीत डॉक्टराला जे करण्यापूर्वी अनुमती व नोंद लागते, ते रस्त्यावर हवालदाराने कसे करावे, हे त्या कायद्यात सापडत नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते हा या अधिनियमातील सर्वांत मोठा दोष होय.

ही पोकळी सामान्य कायद्याने भरून काढावी लागते. फौजदारी प्रक्रियेतील अटकेविषयीच्या तरतुदी येथे सरळ लागू करता येत नाहीत, कारण संरक्षण म्हणजे अटक नव्हे. मात्र पळून जाऊ नये म्हणून आवश्यक तेवढ्यापेक्षा जास्त निर्बंध घालू नये, हे त्यांतील तत्त्व (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम ४६) आरोपीला मिळते, तर निरपराध रुग्णाला ते अधिकच मिळावयास हवे. संमती देण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीच्या हितासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, हा नियम जुन्या भारतीय दंड संहितेच्या ९२ व्या व आता न्याय संहितेच्या ३० व्या कलमात आहे. विहिरीच्या काठावरून रुग्णाला ओढून बाजूला घेणाऱ्या शिपायाला खरा आधार आहे तो याचा. स्वसंरक्षणाचा हक्क वेगळा. हल्ला करणारा मनोविकारामुळे स्वतः गुन्ह्यास जबाबदार नसला, तरी त्याच्याविरुद्ध तो हक्क पूर्ण मिळतो (न्याय संहिता, कलम ३६). पण बचावासाठी जरूर तेवढ्यापलीकडे इजा करण्याची मुभा तो कोणालाच देत नाही. शेजाऱ्यांनाही नाही आणि पोलिसांनाही नाही. हातकड्यांच्या सरसकट वापराला सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये प्रेमशंकर शुक्ल प्रकरणात मनाई केली होती. नागरिक सुरक्षा संहितेने काही गंभीर गुन्ह्यांतील आरोपींच्या बाबतीत ती सैल केली असली, तरी संरक्षणाखालील रुग्ण त्या वर्गात बसत नाही.

क्षणार्धात घ्यावयाचा निर्णय आणि नंतर होणारा न्यायालयीन विचार यांत केवढे अंतर असते, हे पुण्यातील एका घटनेवरून दिसते. २५ जानेवारी २०१२ रोजी राज्य परिवहन मंडळाच्या एका चालकाने स्वारगेट आगारातून गाडी पळवून नेली व शहराच्या रस्त्यांवर नऊ जणांचे प्राण घेतले. पोलिसांनी गोळीबार करूनही गाडी थांबली नाही. अखेरीस धावत्या गाडीत शिरलेल्या एका तरुण विद्यार्थ्याच्या धाडसामुळे ती आवरली गेली. चालक मनोरुग्ण असल्याचा बचाव खटल्यात मांडण्यात आला. तो कोणत्याच न्यायालयाने मान्य केला नाही. २०१३ मध्ये झालेली देहान्ताची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये जन्मठेपेत परिवर्तित केली. सात वर्षे चाललेला तो प्रश्न रस्त्यावरच्या पोलिसापुढे नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या जिवाला धोका असताना चालकाच्या मनाची अवस्था विचारात घेण्यास तेथे अवकाशच नव्हता. असे प्रसंग विरळा असतात. बहुसंख्य प्रसंगांत धोका रुग्णाच्या स्वतःच्याच जिवाला असतो, आणि तेथे विरळ प्रसंगासाठी शिकविलेली घाई अपायकारक ठरते.

शारीरिक अपाय : लाठीच्या माराने होणारी इजा दिसते, दाबून धरल्याने होणारी दिसत नाही, म्हणून ती अधिक घातक ठरते. रुग्णाला पालथे पाडून, हात पाठीमागे बांधून त्याच्या पाठीवर वा मानेवर गुडघा ठेवला, तर छाती व श्वासपटल यांची हालचाल अडते. दीर्घ झटापटीने शरीराची प्राणवायूची गरज त्याच वेळी वाढलेली असते. गुदमरलेला माणूस श्वासासाठी धडपडतो. ती धडपड प्रतिकार समजून आणखी भार दिला जातो, आणि थोड्याच वेळात तो ‘शांत’ होतो. स्थूलपणा, हृदयविकार, मद्य व उष्णता यांनी हा धोका वाढतो. पालथे पाडणे अटळच झाले, तर पाठीवर भार न देता लगेच कुशीवर वळविणे किंवा बसते करणे, एकाने केवळ श्वास व चेहरा यांवर लक्ष ठेवणे आणि वाहनाच्या मागील भागात आडवे टाकून न नेणे, हे नियम या कारणासाठी सांगितले जातात.

घरगुती दोरखंड व साखळदंड यांचा विचारही येथे करावयास हवा, कारण पोलिसांना रुग्ण पुष्कळदा आधीच बांधलेल्या अवस्थेत सापडतो. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवडी येथे एका आश्रयस्थानाला लागलेल्या आगीत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण मृत्युमुखी पडले. महाराष्ट्रात भूत उतरविण्याच्या मिषाने दोरीने वा साखळीने बांधून मारहाण करणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविला असून, त्या कायद्याखालील दक्षता अधिकारी पोलीस दलातीलच असतो. बांधलेला रुग्ण पाहून घरच्यांवर आधी खटला भरावा, की आधी रुग्ण सोडवून रुग्णालयात न्यावा? क्रम दुसराच योग्य. पुष्कळ घरांत साखळी ही क्रौर्यापेक्षा असहायतेची निशाणी असते. पण ती पाहून न पाहिल्यासारखे करण्याची मुभा पोलिसाला नाही.

अंतराचा प्रश्न : २०१७ च्या अधिनियमाने ‘सर्वांत जवळची सार्वजनिक आरोग्य संस्था’ हे शब्द योजिले आहेत. राजूरच्या वा जामखेडच्या पोलिसाने रुग्णाला थेट नगरला किंवा येरवड्याला न्यावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही. तालुक्यातील ग्रामीण रुग्णालय हेच त्याच्यापुरते रुग्णालयाचे दार. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिक मृत्यू, गंभीर इजा इ. टाळण्यासाठी उपचार देऊ शकतो. प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याची संमती घ्यावयाची असते, आणि अशा उपचारांची मर्यादा बहात्तर तासांची आहे (कलम ९४). रुग्णाला शांत करणारे इंजेक्शन व काही तासांची निगराणी एवढ्यावर पुष्कळ प्रसंग निभावतात. शारीरिक रुग्णाइतकीच व त्याच दर्जाची रुग्णवाहिका मिळण्याचा हक्कही मनोरुग्णाला आहे (कलम २१). राज्यात २०१४ पासून सुरू असलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका या हक्कातून वगळता येत नाही.

व्यवहार मात्र पुढे पाठविण्याचा आहे. ‘येथे मनोविकारतज्ञ नाही’ असा शेरा मारून रुग्णाला पुढच्या रुग्णालयाकडे वाटेला लावले, की तो पुन्हा पोलिसांच्या गाडीत येतो. त्या गाडीत ना परिचारक असतो, ना औषध. शंभर किलोमीटरांच्या प्रवासात क्षुब्ध माणसाला आवरण्याचे साधन म्हणून दोघे शिपाई आणि दोरी एवढेच उरते. त्या शिपायांनी दुष्टावा केला असे म्हणता येणार नाही. वैद्यकाने जे पंधरा मिनिटांत औषधाने साधले असते, ते त्यांना तीन तास हातांनी करावे लागते. बळाच्या गैरवापराच्या चर्चेत हा टप्पा बहुधा निसटतो, कारण तक्रार पोलिसांविरुद्ध होते आणि निर्णय रुग्णालयात झालेला असतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलिमानस (क्रमांक १४४१६) या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेमुळे तज्ञाचा सल्ला निदान कानावर तरी येऊ शकतो. ग्रामीण रुग्णालयाच्या अधिकाऱ्याने तो घेतला, तर शेरा मारण्याचे कारण बरेचसे संपते.

नगर जिल्ह्याला या बाबतीत स्वतःची परंपरा आहे. मेहेरबाबांनी १९३६ मध्ये राहुरी येथे ‘वेड्यांचा आश्रम’ उघडला होता. तेथे आणलेल्यांना ते स्वतः स्नान घालीत. त्यांचा हेतू आध्यात्मिक होता, वैद्यकीय नव्हे. ईश्वरवेडे ‘मस्त’ आणि सामान्य वेडे यांत ते भेद करीत. तरीही साखळीवाचून अशा माणसांना सांभाळता येते, याचे उदाहरण जिल्ह्याने त्या काळी पाहिले. अलीकडील काळात नगरजवळ शिंगवे येथे डॉ. राजेंद्र व डॉ. सुचेता धामणे या दांपत्याच्या माऊली सेवा प्रतिष्ठानाने रस्त्यावरील निराधार मनोरुग्ण स्त्रियांसाठी निवारा उभा केला आहे. अशा स्त्रियांपैकी पुष्कळ जणी लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या असतात. गणवेशातील पुरुषाने हात धरताच त्या किंचाळतात वा चावा घेतात, यात नवल नाही; महिला शिपाई बरोबर असणे हा येथे सोयीचा नव्हे, तर बळ कमी करण्याचा उपाय आहे. बऱ्या झालेल्या रुग्णांना घरी पोहोचविण्याच्या कार्याबद्दल २०१८ मध्ये मागसायसाय पुरस्कार मिळविणारे डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा पुनर्वसन संस्थेचे केंद्र कर्जतला आहे, पण ते कर्जत रायगड जिल्ह्यातील. नगर जिल्ह्यातील त्याच नावाच्या तालुक्याशी त्याचा संबंध नाही.

इतर देशांतील प्रयोग : अमेरिकेत मेंफिस शहरी १९८७ मध्ये सुरी हाती घेतलेल्या एका मनोरुग्ण तरुणाचा पोलिसांच्या गोळीने मृत्यू झाला. त्यानंतर १९८८ मध्ये तेथे स्वेच्छेने पुढे आलेल्या पोलिसांना सु. चाळीस तासांचे विशेष शिक्षण देऊन अशा प्रसंगी पाठविण्याची पद्धत सुरू झाली. या पद्धतीचे अनुकरण अनेक शहरांनी केले. पण प्रशिक्षणावर भर देताना तिचा दुसरा अर्धा भाग कित्येकांनी गाळला. मेंफिसमध्ये एका ठरलेल्या रुग्णालयाने पोलिसांनी आणलेला रुग्ण विनाविलंब व विनानकार स्वीकारण्याचे मान्य केले होते. ऑरेगन राज्यातील यूजीन येथे तर १९८९ पासून २०२५ पर्यंत निःशस्त्र आरोग्यसेवकांची गाडीच अशा हाकेला जात असे. इंग्लंडमध्ये १९८३ च्या कायद्याने पोलिसांना रुग्णाला ‘सुरक्षित स्थळी’ नेण्याचा अधिकार दिला. ते स्थळ बहुधा पोलीस ठाणेच असे. २०१७ मध्ये अल्पवयीनांच्या बाबतीत त्यास पूर्ण बंदी झाली व प्रौढांच्या बाबतीत ते अपवादात्मक ठरले. रुग्णालयातच अनेक पोलिसांनी दाबून धरल्यामुळे २०१० मध्ये एका तरुणाचा मृत्यू ओढवला होता. त्याच्या कुटुंबाच्या प्रयत्नांतून २०१८ चा बळाच्या वापराविषयीचा कायदा झाला. त्यात प्रत्येक वापराची नोंद आवश्यक ठरविली आहे. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारनाम्याचे काही भाष्यकार याही पुढे जातात. मानसिक आजार हे स्वातंत्र्य हिरावण्याचे कारण असूच शकत नाही, असे त्यांचे मत आहे. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या रुग्णाच्या बाबतीत हे मत टिकणे अवघड दिसते. परंतु केवळ ‘वेडसर’ या शेऱ्यावर माणसे उचलण्याच्या सवयीला त्याने योग्य शह दिला आहे.

नोंद व पुनर्वसन : रुग्णाला रुग्णालयात सोडून पोलिसांचे काम संपत नाही. दाखल करण्याची गरज नसल्याचे वैद्यकीय अधिकाऱ्याने ठरविल्यास त्याला घरी, अथवा घर नसल्यास शासकीय निवाऱ्यात पोहोचवावे लागते. निराधार व भटक्या रुग्णाच्या बाबतीत हरवलेली व्यक्ती म्हणून प्रथम खबर नोंदवून त्याच्या कुटुंबाचा शोध घेणे हे ठाणे अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. ठाण्याच्या दैनंदिनीत केवळ ‘एक वेडसर इसम मिळून आला, दवाखान्यात पाठविला’ एवढीच ओळ लिहिली, तर बळ वापरले गेले काय, कोणी, किती वेळ व कशाने, रुग्णाच्या अंगावर आधीच्या खुणा होत्या काय, आणि रुग्णालयाने त्याला किती वाजता स्वीकारले, यांपैकी काहीच मागे राहत नाही. छायाचित्र, अंगावरील गोंदण, बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारे गावाचे वा नदीचे नाव हा तपशील त्याच वेळी टिपला, तर इतर राज्यांतील ‘बेपत्ता’ नोंदींशी तो ताडून पाहता येतो. कुटुंब सापडल्यावर रुग्णाबरोबर औषधांची चिठ्ठी व जवळच्या सरकारी रुग्णालयाचा पत्ता देणे कायद्यात लिहिलेले नाही. औषध सुटले, की काही महिन्यांनी तोच रुग्ण पुन्हा क्षुब्ध होतो आणि त्याच ठाण्याची गाडी पुन्हा त्याच दारात उभी राहते. म्हणून काही सेवासंस्था औषधे घरपोच पाठविण्याची व्यवस्था करतात.